डोपिंगची बंदी मागच्या तारखेपासून का मोजतात? (व्यावसायिक बॉक्सिंग) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या बॉक्सिंग क्लबात मी संध्याकाळी पोरांना शिकवायला मदत करतो. रायन गार्सिया या अमेरिकन बॉक्सरच्या डाव्या हुकवर सगळ्यांचाच जीव. त्यामुळे त्याच्या बंदीवरून जो वाद पेटलाय तो काही केल्या विझत नाही, आणि पोरांना धड उत्तर द्यायचं तर मला नियम नीट माहीत हवेत.

प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. २० एप्रिल २०२४, ब्रुकलिन, समोर डेव्हिन हॅनी. मर्यादा १४० पौंडांची, गार्सियाचं वजन भरलं १४३.२. लढतीत त्याने हॅनीला तीनदा खाली पाडलं आणि गुणांवर जिंकला. नंतर कळलं की चाचणीत ऑस्टारिन (स्नायू वाढवणारं, बंदी असलेलं द्रव्य) सापडलंय. दूषित सप्लिमेंटमधून आलं, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. न्यूयॉर्क राज्यातल्या लढतींवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाशी जूनमध्ये तडजोड झाली: निकाल रद्द, १० हजार डॉलर दंड, १० लाख डॉलरहून जास्त मानधन जप्त आणि एक वर्ष बंदी. पण ती मोजली लढतीच्या दिवसापासून. मे २०२५ मध्ये गडी टाइम्स स्क्वेअरला पुन्हा रिंगणात.

आता ब्रिटिश बॉक्सर आमिर खान बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये मँचेस्टरला केल ब्रुककडून हरला, नमुन्यात तेच ऑस्टारिन. मुद्दाम घेतलेलं नाही हे ब्रिटनच्या लवादाने मान्य केलं, तरी बंदी दोन वर्षं. तोवर तो निवृत्तही झाला होता. द्रव्य एकच, मग जो जिंकला त्याला एक वर्ष आणि जो हरला त्याला दोन, असं का?

मला समजलंय ते असं: ब्रिटनमध्ये वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) संहितेप्रमाणे शिक्षा होते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा आयोग वेगळा, आणि त्या संहितेने ते बांधलेले नाहीत. व्हाडा ही वेगळीच, बॉक्सर स्वेच्छेने जिच्याकडे चाचणी करून घेतात अशी संस्था, फक्त चाचणी करून निकाल कळवते, बंदी घालणं तिच्या हातात नाही. यात काही चुकत असेल तर सांगा.

मला खरा खटकतो तो कालावधी. धावपटू वर्षभरात कितीतरी शर्यती धावतो. मोठा बॉक्सर वर्षातून एकदा-दोनदाच लढतो. मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझला २०१८ मध्ये क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या द्रव्यासाठी (मेक्सिकोतल्या गोमांसातून आलं असं तो म्हणाला) सहा महिने बंदी झाली, तीही फेब्रुवारीपासून मोजलेली. गोलोव्हकिनबरोबरची मे महिन्यातली लढत हुकली, आणि १५ सप्टेंबरला त्याच्याशीच लढून तो जिंकला. म्हणजे त्याची गेली ती एक तारीख. माझं स्पष्ट मत आहे की इथे बंदी महिन्यांत नाही, लढतींत मोजायला हवी.

आणि समोरच्याचं काय? शर्यतीत पहिला बाद झाला तर पदक दुसऱ्याला मिळतं. हॅनीच्या रेकॉर्डवरचा पराभव पुसला, पण डोक्यावर बसलेले ठोसे कोण पुसणार? त्याने पुढे कोर्टात दावाही लावला होता.

पोरांपैकी एकजण म्हणतो, "दादा, पावडरमध्येच भेसळ असली तर त्याचा काय दोष?" हाच मुलगा परवा प्रोटीनचा डबा घेऊन आला होता. एका लेबलवर दुसरं चिकटवलेलं, बॅच नंबर खरवडलेला, आणि दुकानदाराने बिल दिलेलं नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हे मी त्याला समजावलं. पटलं असावं, कारण डबा परत करायला गेला. पण शिक्षा किती, इथे मीच अडतो.

तर जाणकारांनी एवढं सांगावं. बंदी मागच्या तारखेपासून धरायची की निकालाच्या दिवसापासून, हे ठरवण्याचा लेखी नियम न्यूयॉर्क किंवा नेवाडाच्या आयोगाकडे आहे का, की तडजोडीत जे ठरेल ते? प्रतिस्पर्ध्याला भरपाई मिळाल्याचं एखादं उदाहरण आहे का? आणि एका राज्याने घातलेली बंदी दुसऱ्या देशात किती पाळली जाते? ब्रिटिश बॉक्सर कॉनर बेनवर डोपिंगची ब्रिटनमधली चौकशी सुरू असतानाच तो २०२३ मध्ये ऑरलँडोला लढला, म्हणून विचारतोय.

क्रीडा कायद्यात काम करणारं कुणी इथे असेल तर फार बरं होईल. नुसता कलमाचा क्रमांक दिलात तरी चालेल, मी शोधून वाचेन आणि पोरांनाही वाचून दाखवेन.