दुसऱ्या डाइव्हला माझी एक्सेल शीट डीकॉम्प्रेशन (वर येताना सक्तीचा थांबा) मागते, मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरने मागितलं नव्हतं. चूक कुठे आहे?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, सातपूरला एका टूलरूममध्ये ड्रॉइंगचं काम करतो. ४४ व्या वर्षी अंदमानात, स्वराज द्वीपला स्कूबा शिकलो. येत्या डिसेंबरात मुलगी तोच कोर्स करणार आहे. तिच्याबरोबर पाण्यात उतरायच्या आधी मनगटावरचं यंत्र नेमकं काय मोजतं ते मला समजायला हवं. म्हणून दोन महिने रोज जेवण झालं की एक्सेलमध्ये ब्यूलमनचं झेडएचएल-१६सी मॉडेल (डाइव्हमध्ये शरीरात किती नायट्रोजन साचतो याचं गणित) बांधत बसतो.

शरीराचे १६ कप्पे धरलेत. पहिल्याचा हाफ-टाइम ४ मिनिटं, शेवटच्याचा ६३५. एक हाफ-टाइम गेला की कप्प्यातला आणि श्वासातला नायट्रोजन यांच्यातलं अंतर निम्मं होतं. श्वासातला दाब काढताना एकूण दाबातून फुप्फुसातल्या वाफेचे ०.०६२७ बार वजा करायचे आणि उरलेल्याचे ७९ टक्के घ्यायचे. समुद्रसपाटीला सगळे कप्पे ०.७५ बारवर सुरू होतात. शेवटी प्रत्येक कप्प्याचं सीलिंग, म्हणजे किती दाबापर्यंत वर येता येतं ते: कप्प्यातल्या दाबातून अ वजा करून ब ने गुणायचं (अ आणि ब हे प्रत्येक कप्प्याचे ठरलेले आकडे). ते समुद्रसपाटीच्या १.०१३ बारच्या वर गेलं की थेट वर यायचं नाही.

तपासायला माझ्याच लॉगबुकातल्या दोन डाइव्ह घातल्या. पहिली १८ मीटर, ४० मिनिटं. शीट म्हणते स्टॉप नको, कॉम्प्युटरही तेच म्हणाला होता. मग दीड तास बोटीवर. दुसरी १६ मीटर, ४० मिनिटं. तेव्हा कॉम्प्युटरने नेहमीच्या सेफ्टी स्टॉपपलीकडे काही मागितलं नव्हतं. शीट मात्र सहाव्या कप्प्याचं सीलिंग १.०६ दाखवते, म्हणजे ३ मीटरवर थांबणं सक्तीचं. अ आणि ब चे बत्तीसही आकडे तीनदा ताडून पाहिले, बरोबर आहेत. तीन रात्री यात गेल्या.

दांडीकिनारा

सातपूरकर, मी मालवणला डाइव्हमास्टर आहे. गंमत म्हणून नाही, खरंच विचारतो: शीटमध्ये ग्रेडियंट फॅक्टर (मॉडेलची मर्यादा आणखी कडक करणारे आकडे) घातलेत का? नसतील तर तुमची शीट म्हणजे कोरं ब्यूलमन. बाजारातले बहुतेक कॉम्प्युटर त्याहून कडक लावलेले असतात. कोऱ्या मॉडेलने कॉम्प्युटरपेक्षा जास्त मागणं हे उलटं झालं, तेव्हा संशय शीटवरच घ्यायचा.

तुम्ही पूर्ण ४० मिनिटं तळाशीच होतो असं धरलं असणार, खाली जाणं-वर येणं वेगळं मोजलं नसेल. त्याने आकडे थोडे वाढतात. पण पहिली डाइव्ह जुळते आणि दुसरीच बिघडते, म्हणजे घोटाळा मधल्या दीड तासात आहे. पाचव्या कप्प्याचा हाफ-टाइम २७ मिनिटं. दीड तासात तीनहून जास्त हाफ-टाइम होतात, तेव्हा तो १.६६ वरून ०.८४ च्या आसपास उतरायला हवा. तुमच्याकडे किती येतो?

सातपूरकर

ग्रेडियंट फॅक्टर नाही घातले. आणि पाचवा कप्पा उतरतच नाही! ती ओळ जशीच्या तशी देतो, इथे चिकटवताना मथळे आणि फॉरमॅट गेलेत:

५ | २७ | १.६६३५ | ०.०६२५ | १.६६२०

कप्पा, हाफ-टाइम, आधीचा दाब, मग वाफेचा दाब असावा (०.०६२७ गोल झालेला दिसतो), आणि दीड तासानंतरचा दाब.

अंबड_मस्टर

मला पोहताही येत नाही, पण तो चौथा आकडा वाफेचा नाही. ती तुमची दीड तासाची विश्रांती आहे.

मी अंबडला एका कारखान्यात हजेरी आणि पगाराचं काम बघते. एक्सेलमध्ये १:३० असं टाइप केलं की ते त्याला वेळ समजतं, आणि वेळ ते दिवसाच्या भागात साठवतं. दीड तास म्हणजे दिवसाचा सोळावा हिस्सा, ०.०६२५. आठ तासांची पाळी ०.३३३३. हे आकडे मला पाठ झालेत. सेलमध्ये १:३० दिसतं म्हणून डोळ्याला काही खटकत नाही, पण फॉर्म्युल्यात ०.०६२५ जातं आणि तुमचा फॉर्म्युला ती मिनिटं समजतो. तुमचा माणूस बोटीवर चार सेकंदही बसलेला नाही. पाण्याखालची वेळ तुम्ही साधं ४० लिहिली असणार, म्हणून ती बरोबर आली.

त्या सेलला १४४० ने गुणा, ९० मिळेल. त्याहून बरं म्हणजे घड्याळाची वेळ शीटमध्ये ठेवूच नका, सगळीकडे नुसती मिनिटं लिहा. मथळ्यातच ‘मिनिटं’ लिहा आणि डेटा व्हॅलिडेशन लावून १ पेक्षा लहान आकडा घेऊ नका.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ओव्हरटाइमचे तास असेच थेट दराने गुणले होते. दोन तासांचे पैसे खऱ्या रकमेच्या चोविसाव्या भागाइतकेच निघाले आणि एका कामगाराच्या हातात तसाच पगार पडला. तो काही बोलला नाही, त्याच्या बायकोने येऊन विचारलं. पुढच्या महिन्यात फरक देता आला. तुमच्या कामात तसं देता येणार नाही, म्हणून एवढं लांबण लावलं.

सातपूरकर

ताई, १४४० ने गुणलं. पाचवा कप्पा ०.८४! दुसऱ्या डाइव्हचं सगळ्यांत वरचं सीलिंग ०.८२, स्टॉप नको. ०.०६२५ आणि ०.०६२७ इतके जवळ निघाले की माझी नजर तीन रात्री त्यावरून सरकत होती. मनापासून आभार.

आणखी एक. कोर्सनंतर मुलीला मालवणला न्यायचं आहे. गाडीने परत येताना घाट लागतो आणि नाशिक तर उंचावरच आहे. हे शीटमध्ये कसं धरू? मोबाइलवर नाशिकचा हवेचा दाब १०१० मिलिबार दाखवतो, तोच घालू का?

दांडीकिनारा

आधी ताईंच्या उत्तरातलं एक मनावर घ्या. चूक विश्रांतीच्या सेलमध्ये होती म्हणून शीटने जास्त मागितलं आणि तुम्ही शोधायला बसलात. तीच चूक पाण्याखालच्या सेलमध्ये ०:४० लिहून झाली असती, तर कप्प्यांत नायट्रोजन शिरलाच नसता आणि शीटने बिनधास्त राहा म्हटलं असतं. तेव्हा शीट समजून घेण्यासाठी वापरा, डाइव्ह कॉम्प्युटरवर करा. मुलीच्या हातावर तिचा स्वतःचा कॉम्प्युटर हवा, तुमच्या दोघांत एक नको.

मोबाइलवरचा दाब घालू नका. हवामानवाले तो समुद्रसपाटीला आणून दाखवतात. नाशिक ५८० मीटरच्या आसपास धरलं तर खरा दाब साधारण ०.९४५ बार. वाटेतला आंबोली घाट सुमारे ६९० मीटर, तिथे ०.९३. सीलिंगची तुलना १.०१३ ऐवजी याच्याशी करायची. आकड्यांचा फरक लहान वाटेल, पण डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कचा विमानाचा सल्ला साधारण ६१० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतो आणि आंबोली त्याच्या वर आहे: एकाच बिनस्टॉप डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केल्या तर १८. मी पाहुण्यांना घाटासाठीही तेच सांगतो. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली चढू नका. रात्री इथेच राहा, मासे खा, भरपूर पाणी प्या आणि दुसऱ्या दिवशी तास मोजून निघा.

सातपूरकर

एक मुक्काम वाढवतो. शीटमध्ये ‘घाटाआधीचे तास’ असा रकाना घालत होतो, आता तोही मिनिटांतच लिहितो.

अंबड_मस्टर

झालं की शीट पाठवाल का? बाकीचं मला कळणार नाही, पण वेळेचा प्रत्येक रकाना एकदा डोळ्याखालून घालते.