मदत हवी आहे: वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना आठवडी बाजाराला न्यायला गाडीची सोय कशी करावी?

नमस्कार मंडळी, आमचं गाव कुडाळ तालुक्यात, मी डोंबिवलीला. वाडीत पंधरा घरं, त्यातल्या नऊ घरांत आता फक्त सत्तरीच्या वरची माणसं, मुलं सगळी मुंबई-पुण्याकडे.

एसटीच्या तिकिटाचा प्रश्नच नाही, २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वर फुकट आहे, बाबा तसेच जातात, आईला अर्धं लागतं. पण एसटीपर्यंत पोचायचं कसं? थांबा दीड किलोमीटरवर, मधे घाटी, जांभ्याच्या पायऱ्या, पावसात त्यावर शेवाळ, आणि येताना दोन्ही हातात पिशव्या. मागच्या महिन्यात शेजारच्या काकी तांदूळ घेऊन चढताना मधेच बसल्या त्या तासभर तिथेच, कोणी दिसलंच नाही. आईने मला हे आठ दिवसांनी सांगितलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

स्पेशल रिक्षा केली तर जाऊन येऊन पाचशे, तेवढ्याचा तर बाजारही नसतो. किराणा मी दुकानदाराला फोन करून पाठवू शकतो, पण आई म्हणते, "मासो डोळ्यांनी बघूनच घेवचो." आणि बाजारात तिला माहेरची माणसं भेटतात, ते मी कुठून पाठवणार. रेशनला अंगठा द्यायलाही स्वतःच जावं लागतं.

तर आम्ही मुंबईकर मुलांनी दरमहा वर्गणी काढून बुधवारी एक गाडी लावायची असं ठरतंय, नऊला दारातून उचलायचं, साडेबारापर्यंत परत, पिशव्या ड्रायव्हरने पडवीपर्यंत आणून द्यायच्या. गावातल्या एका मुलाची ईको आहे पण पांढऱ्या पाटीची, तिच्यात भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत आणि उद्या काही झालं तर विम्यावाले हात वर करणार, म्हणून ते नको. पिवळ्या पाटीचा मॅजिकवाला आहे, पण बुधवार हा त्याचा कमाईचा दिवस, सीट भरल्याशिवाय हलत नाही.

कोणी आपल्या गावी असं केलंय का? भाडं कसं ठरवलं, माणसं कमी आली तर काय करता? गणपतीत सगळे जमतील तेव्हा बैठक घ्यायची आहे, त्याआधी कळलं तर बरं.

प्रतिसाद:
आम्ही देवगडकडे दोन वर्षं करतोय. भाडं सीटवर नका ठरवू, फेरीवर ठरवा, चार आले काय नि सात आले काय, पैसे तेवढेच, मग तो भरायची वाट बघत नाही. आदल्या रात्री कोण येणार ते एकाच माणसाने फोन करून विचारायचं. गाडीत एक लाकडी पाट ठेवायला सांगा, चढताना पायाखाली घ्यायला, गुडघेदुखीवाल्यांचं अर्धं काम त्यानेच होतं. आणि म्हाताऱ्यांकडूनही थोडे पैसे घ्या, वीस रुपये का होईना, फुकट म्हटलं की आमचे आजोबा बसायलाच तयार नव्हते.

धागाकर्ता:
खूप आभार दादा. बाबा पण अगदी तसेच आहेत, वीस रुपयांचं नक्की करतो. मॅजिकवाल्याला आज रात्रीच फोन लावतो.