एक्सएसएलटी ब्राउझरमध्ये राहावं की जावं?

दाखल_क्रमांक: "क्रोम एक्सएसएलटी काढणार, बरंच झालं. जेसन असताना एक्सएमएल वापरतं कोण?" परवाची ही पोस्ट वाचून राहवेना. (एक्सएमएल आणि जेसन हे माहिती मजकुरात लिहून ठेवण्याचे दोन प्रकार; एक्सएसएलटी एक्सएमएलचं वाचता येईल असं पान करते.) आम्ही वापरतो! गावच्या वाचनालयाची यादी एक्सएमएलमध्ये आहे. सर्व्हरवर फायली दोनच, एक पुस्तकांची आणि एक एक्सएसएलची, म्हणजे यादी कशी मांडायची त्या सूचनांची. पान उघडलं की दाखल क्रमांक, लेखक, कपाट असं कोष्टक ब्राउझरच मांडतो. डेटाबेस नाही, काही नाही. ग्रंथपालबाई नोटपॅडमध्ये नवं पुस्तक चढवतात. १९९९ पासूनचं मानक आहे हे. जेसनची नुसती फाईल वाचकापुढे उघडून दाखवा बरं.

सी_वाला: यादी चांगलीच आहे. पण क्रोममध्ये ती चालवते लिबएक्सएसएलटी, सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. सांभाळणारे मोजके, तेही पदरमोड करून. कुठलंही पान तिला परस्पर कामाला लावू शकतं, म्हणजे मेमरीची एक चूक निघाली की धोका सगळ्यांना. शिवाय एक्सएसएलटीचं ३.० येऊन २०१७ पासून पडलंय, ब्राउझर अजून १.० वरच. घरी एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोग्राम चालवा, त्यातून निघालेलं तयार एचटीएमएल पान चढवा.

मुठाकाठ: ब्राउझरच्या भरवशावर राहूच नये. २००३ मध्ये बाबांचा लेख एका दैनिकाच्या साइटवर आला, मी पान सेव्ह केलं. त्यांचा फाँट त्यांच्यापुरता, ईओटी प्रकारचा, फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आपोआप उतरणारा. बाबा गेल्यावर पान उघडलं तर फाँट नाही, नुसती रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. शेवटी कात्रण शोधून अख्खा लेख हातानं टाइप केला.

दाखल_क्रमांक: वाईट वाटलं वाचून. पण दोष दैनिकाचा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारं मानक, १९९१ पासून होतं, यांनी वापरलं नाही. निव्वळ आळस!

जुना_डेस्क: आळस? तेव्हा डेस्कवर मी होतो. वाचकांकडे विंडोज ९८, त्यावर युनिकोड देवनागरी वाचायची कशी? एक्सपी आलं तरी सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या, चौकोनात टिक करा, सीडी घाला, मशीन पुन्हा चालू करा. हे मी वाचकांना फोनवर समजावलंय, एकेकाला अर्धा अर्धा तास. घरबसल्या आळशी म्हणू नका.

मुठाकाठ: वाचकांची अडचण मान्य. पण नंतर जुना मजकूर युनिकोडमध्ये का नाही आणला? बाबांचा एकच लेख मी वाचवला, बाकीच्यांचे गेलेच ना?

जुना_डेस्क: ते मात्र खरं. मागणी केली होती, पैसे मिळाले नाहीत.

दाखल_क्रमांक: आळस हा शब्द मागे घेतो. पण सी_वाला, पीडीएफ दाखवणाऱ्या कोडमध्येही चुका निघतात. तो दुरुस्त करता, काढत नाही. आमच्यासारखे थोडे म्हणून आमचं काढायचं?

सी_वाला: थोडे आहात, हे कारण आहेच, नाकारत नाही. पॉलिफिल, म्हणजे ब्राउझरनं सोडलेलं काम करणारी स्क्रिप्टची फाईल, दिलंय, एक्सएमएलमध्ये स्क्रिप्टची एक ओळ घाला. बाईंचं नोटपॅड तसंच राहील.

दाखल_क्रमांक: बरं, घालतो. फायली दोनाच्या तीन होतील. ती तिसरी दहा वर्षांनी कोण सांभाळणार, ते सांगा.