मदत हवी आहे: १० बाय १२ च्या खोलीत सराउंड स्पीकर आणि स्क्रीन कशी बसवू?

नमस्कार मंडळी, नाशिकला सिडकोत भाड्याचा फ्लॅट आहे, त्यातली १० बाय १२ ची खोली पिक्चर बघायला ठेवलीय. ५.१ सेट आहे (समोर तीन स्पीकर, बाजूला किंवा मागे दोन सराउंड आणि एक सबवूफर), प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२. स्क्रीन १० फुटी भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकून दिवाण (पुढे सरकवला तर कपाटाचं दार उघडत नाही, बायकोने आधीच सांगून ठेवलंय).

पांढरी चादर लावून १०० इंच (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप) करून बघितलं. रुंदी सव्वासात फूट होते, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम सोळा-सोळा इंच उरतात, त्यात फ्रंट स्पीकर कसेबसे बसले, सेंटर खाली टीपॉयवर. प्रोजेक्टर पावणेनऊ फुटांवर यायला हवा, पण छताला लावला तर मध्ये पंखा येतो, पाती फिरली की चित्र लुकलुकतं आणि पंखा बंद ठेवून एप्रिलमध्ये कोण बसणार! सध्या स्टुलावर ठेवलाय, कोणी पाणी प्यायला उठलं की पडद्यावर डोकं.

खरी अडचण सराउंडची. मागे जागाच नाही. उजव्या भिंतीला नेमकं दिवाणाच्या बाजूला दार आहे, डावीकडे स्टँडवर ठेवून बघितला तर कानातच ओरडतो, आणि एकच बाजू ऐकू येते. घरमालकाने फक्त चार भोकं पाडायची परवानगी दिलीय. नवीन काही घ्यायचं नाहीये, वायर लपवायची सोय आहे.

तर दोन्ही सराउंड मागच्या भिंतीच्या कोपऱ्यांत डोक्याच्या दोनेक फूट वर, आतल्या बाजूला वळवून लावले तर चालेल, की दाराच्या वरच लावू? आणि स्क्रीन ९२ इंच केली तर प्रोजेक्टर आठ फुटांवर येईल, तेवढ्याने पंखा चुकेल का?