बेली डान्सला तुर्की लोकनृत्य म्हणावे का?

पाणवठा:
इस्तंबूलमध्ये पर्यटकांना रात्रीच्या जेवणासोबत दाखवला जाणारा बेली डान्स ‘तुर्की परंपरा’ म्हणून विकला जातो, याला माझा आक्षेप आहे. दाउल आणि झुर्ना या ढोल-सनईच्या साथीने हात धरून रांगेत नाचला जाणारा अनातोलियातील हालाय, केमेन्चे या तंतुवाद्याच्या सुरांवर खांदे थरथरवणारा काळ्या समुद्राकाठचा होरोन, एजियन भागातील संथ, करारी झेयबेक ही तेथील खरी लोकनृत्ये होत. बेली डान्सचा मणी-झालरींचा पोशाखसुद्धा कैरोच्या नाइट क्लबांकडून आलेला आहे.

निरभ्र:
पोशाखाबाबत सहमत आहे, नाचाबाबत मुळीच नाही. तुर्की लग्नांत चिफ्तेतेल्लीची धून लागली की आजीपासून नातीपर्यंत साऱ्या जणी कंबर हलवत नाचतात. त्यांना कोणी पर्यटकांसाठी उभे केलेले नसते. ऑटोमन काळात चेंगी या नर्तकींचे ताफे होते आणि स्त्रीवेशात नाचणारे क्योचेकही होते (आपल्या तमाशातला नाच्या आठवावा). उत्तर तुर्कस्तानातील कास्तामोनूकडच्या लग्नांत क्योचेक आजही घागरा घालून नाचतात. उलट तुमचा ‘खरा’ झेयबेक स्वीडनमध्ये व्यायामशास्त्र शिकून आलेल्या सेलिम सिर्री तार्जान यांनी शहरी मंचासाठी बेतून घेतला, आणि 1932 पासून हाल्केवी या सरकारी लोकगृहांनी गावोगावचे नाच रंगमंचावर आणले.

पाणवठा:
इस्त्री केल्याने कापड परके होत नाही. तार्जान यांनी झेयबेकला शिस्त लावली असेल, पण तो ज्या गावांतून उचलला तिथे तो आधीपासून नाचला जात होता.

कातरवेळ:
हाच न्याय मग रोमा (जिप्सी) लोकांच्या नाचालाही लावा. झेयबेक नऊ मात्रांचा, रोमान हवासी ही रोमांची नाचाची धूनही नऊ मात्रांची. एक सावकाश, दुसरी धावती. पहिल्याला राष्ट्राचा मान मिळाला आणि दुसरीला ‘बाजारू’ ठरवले गेले, यामागे ताल नसून नाचणाऱ्यांची जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इस्तंबूलच्या सुलुकुले वस्तीत रोमा कुटुंबे आपल्या घरांतच वादन आणि नाच सादर करून पोट भरत असत. ती घरे 1990 च्या दशकात बंद पाडण्यात आली आणि पुढे पुनर्विकासाच्या नावाखाली वस्तीच जमीनदोस्त झाली.

पाणवठा:
सुलुकुलेपुरता माझा आक्षेप मागे घेतो. जेवणासोबतच्या त्या कार्यक्रमाबद्दलचा मात्र कायम आहे, कारण तिथे चेंगी, क्योचेक किंवा रोमा यांच्यापैकी कोणाचे नावही घेतले जात नाही.