स्वस्त क्लाउड कुठला ते राहू दे, पूर ओसरल्यावर डेटा परत कधी मिळतो ते सांगा

वाशिष्ठीकाठचा:
परवा इथे एका पुणेकर मित्राने (गाव गुहागर, हे तो स्वतःच दर दोन वाक्यांनी सांगतो) तक्ता टाकला होता, छोट्या धंद्यासाठी क्लाउड स्टोरेज, जीबीमागे भाव. गूगल, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, झोहो, अ‍ॅमेझॉन, बॅकब्लेझ सगळे ओळीने उभे केलेले आणि खाली ठळक अक्षरात निकाल, की जुना डेटा अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप अर्काइव्हला (क्वचित लागणाऱ्या फायलींचं त्यांचं कोठार) टाका, सगळ्यात स्वस्त, विषय संपला. लोकांनी भराभर अंगठे दिले. माझं डोकं तिथेच फिरलं.

चिपळूणला कॉम्प्युटर दुरुस्ती आणि लोकांची हिशेबाची सॉफ्टवेअर सांभाळणं हा माझा धंदा. २२ जुलै २०२१ नंतरचे पंधरा दिवस मी बाजारपेठेत लोकांचे सीपीयू उलटे करून चिखल काढत होतो. एका काजूवाल्याची बॅकअपची हार्डडिस्क कुठे होती, तर सीपीयूच्या खालच्याच खणात, रोकड असते तिथे, कुलूप लावून. कुलूप शाबूत होतं. उघडलं तर आधी गाळ बाहेर आला, मग नोटांचा लगदा, मग डिस्क. त्याच्या वडिलांनी जुन्या वह्या पानं सुटी करून दोरीला चिमट्यांनी टांगल्या, त्यातल्या निम्म्या वाचता येण्याइतक्या वाळल्या. डिस्क काही वाळली नाही.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचं सगळं क्लाउडवर होतं, ७० जीबी. मी म्हटलं हा सुटला. पण गावात वीज नाही, लाईन नाही, चार दिवसांनी टॉवर आला तो तीन एमबीपीएसवर, म्हणजे मधे एकदाही तुटलं नाही तरी दोन दिवसांवर जातं, आणि तुटत तर दर तासाला होतं. शेवटी त्याच्या भाच्याने पुण्यात बसून सगळं उतरवलं, एसएसडीत भरलं आणि रस्ता सुरू झाल्यावर एसटीने घेऊन आला. मांडीवर.

आता तुमच्या डीप अर्काइव्हचं. फाइल मागितली की साध्या पद्धतीने १२ तासांच्या आत, अजून स्वस्तातली पद्धत घेतलीत तर ४८ तासांपर्यंत थांबा, आणि टाकलेलं १८० दिवसांच्या आत पुसलंत तरी १८० दिवसांचं भाडं द्या. हे तक्त्यात कुठे होतं? ठेवायचा भाव सगळे सांगतात हो.

गुहागरकर_पुण्यात:
तक्ता माझाच. आधी नीट वाचायचं, मग डोकं फिरवायचं. मी "जुना डेटा" असं स्पष्ट लिहिलेलं. सात वर्षांपूर्वीची बिलं पुराच्या दुसऱ्या दिवशी कोणाला लागतात? रोजचा डेटा वेगळा, तो गूगलवर किंवा वनड्राइव्हवर ठेवा असंच वरच्या ओळीत होतं. आणि डेटा इंटरनेटवरून खाली उतरवायच्या खर्चाचा जो बाऊ लोक करतात तो पण जुना झाला, अ‍ॅमेझॉन २०२१ च्या डिसेंबरपासून महिन्याला पहिले १०० जीबी बाहेर काढायला फुकट देतं. तुमच्या गिऱ्हाइकाचे ७० जीबी त्यात आरामात बसतात. राहिली लाईन. लाईन नाही हा क्लाउडचा दोष की चिपळूणचा?

वाशिष्ठीकाठचा:
चिपळूणचा दोष! वा. १०० जीबीचं मला माहीत नव्हतं, मान्य, नोंद केली. बाकीचं बाणेरच्या बाल्कनीतून सुचलेलं दिसतंय. आणि सात वर्षांपूर्वीची बिलं कधी लागतात ते कुडाळच्या आमच्या सीएंना विचारा.

सीए_कुडाळ:
मला ओढलंत म्हणून लिहिते. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे, म्हणजे धरून चाला सहा वर्षं आणि वर थोडं. नोटीस आली की आठ-पंधरा दिवस मिळतात, त्यात १२ तास गेले तर आभाळ कोसळत नाही, इथे गुहागरकरांचं बरोबर आहे. पण दोघांनी एक गोष्ट सोडली. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर हवा, आणि ऑगस्ट २०२२ पासून तो रोज. आधी नियमात "ठरावीक काळाने" होतं. भाव बघून लोक अमेरिकेतलं रीजन, म्हणजे सर्व्हर असतात तो भाग, निवडतात, कारण यादीत ते पहिलं दिसतं आणि चार पैसे स्वस्त असतं. मुंबई निवडा ना! अ‍ॅमेझॉनचं २०१६ पासून मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टचं तर पुण्यातच आहे.

मिरकरवाडा:
आम्ही प्रोप्रायटर, आम्हाला हे लागू नाही, पुढे चला.
माझं मत सांगतो, कोणाला राग आला तर येऊ दे. क्लाउड म्हणजे भाड्याचं घर. दोन हार्डडिस्का घ्या, एक दुकानात एक घरी, घर टेकडीवर असेल तर उत्तम. आमचा मासेमारीचा धंदा, बर्फाची उधारी, डिझेल, खलाशांचा हिशेब, सगळं मिळून दहा जीबी होत नाही. आधी आम्ही पण क्लाउड केलेला. हिशेबाला ठेवलेल्या पोराने लॅपटॉपवर जागा भरली म्हणून जुना फोल्डर उडवला, तो वर क्लाउडवरून पण उडाला, आणि आम्हाला कळलं कधी, तर गणपती झाल्यावर खलाशांचा आगाऊ हिशेब करायला बसलो तेव्हा. कचरापेटीत ३० दिवस असतं म्हणे. आमचा ३४ वा दिवस होता.

गुहागरकर_पुण्यात:
अहो काका तो बॅकअप नव्हताच, ते सिंक होतं! इकडे पुसलं की तिकडे पुसतं, व्हायरसने इकडे फायली कुलूपबंद केल्या की तिकडे पण त्याच कुलूपबंद जातात. आणि कचरापेटी सगळ्यांची सारखी नसते. गूगल ड्राइव्ह ३० दिवस, वनड्राइव्हचा धंद्याचा प्लॅन असेल तर ९३, ड्रॉपबॉक्सचा स्टँडर्ड बिझनेस प्लॅन असेल तर १८०. म्हणून तर तक्ता केलेला! ह्या माहितीची किंमत तुम्ही एका सीझनच्या उधारीने मोजलीत.

मिरकरवाडा:
तुझ्या तक्त्यात कचरापेटीचा रकाना होता का रे? नव्हता. मग आता शिकवू नकोस.

वाशिष्ठीकाठचा:
😂 काकांना एक गुण.
पण काका, दुकानात एक घरी एक ठीक आहे, घरची डिस्क शेवटची कधी लावलेली?

मिरकरवाडा:
लावतो.

वाशिष्ठीकाठचा:
कधी?

मिरकरवाडा:
शिमग्याला लावलेली. तू कोण विचारणारा?

महामार्गग्रस्त:
तुम्ही लोक कुठला क्लाउड कुठला क्लाउड करत बसलाय आणि मूळ मुद्दा कोणीच बोलत नाही, तो म्हणजे जेसीबी. हातखंब्याच्या पुढे माझं ऑफसेट प्रिंटिंग आहे, एकेक डिझाइन फाइल दोन-दोन जीबी, या वर्षी माझी इंटरनेटची फायबर अकरा वेळा तुटली, मी भिंतीवर खडूने रेघा मारून ठेवल्यात. दर वेळी तेच उत्तर, साहेब मुंबई-गोवा हायवेचं काम चालू आहे. २०११ पासून काम चालू आहे!! माझा मुलगा बालवाडीत होता तेव्हापासून, तो आता इंजिनियरिंगला गेला तरी ह्यांचा रस्ता झाला नाही. तुमच्या अ‍ॅमेझॉनचा सर्व्हर मुंबईत असू दे नाहीतर चंद्रावर, माझ्या दारातली शेवटची शंभर मीटर वायर मातीच्या ढिगाखाली आहे.

दापोलीकर:
दादा सहमत, पण फक्त जेसीबीला शिव्या देऊन भागत नाही. मी फायबर ओढायची कामं घेतो. आपल्याकडे फूटभर खणलं की जांभा, लाल कठीण दगड, लागतो, मग खणणारा गडी वरवर वायर टाकतो, माती लोटतो आणि मोजमापात खोल लिहितो. अशी वायर जेसीबीच काय, नांगराने पण तुटेल. आणि रस्त्याचा ठेकेदार कधी कळवतो का आम्हाला, उद्या इथे खणणार म्हणून? आम्हाला कळतं गिऱ्हाइकाच्या शिवीवरून.

महामार्गग्रस्त:
म्हणजे वरवर टाकणारे तुम्हीच! अकरा वेळा!! आणि वर तोंड करून सांगताय!

दापोलीकर:
मी हातखंब्याला काम करत नाही, मी दापोलीला करतो, वाचता येतं का? निसर्ग वादळात, ३ जून २०२०, आमचे सगळे खांब आडवे झाले, कित्येक गावांत महिनाभर वीज नव्हती, तेव्हा झाडावर चढून वायर सोडवणारे आम्हीच होतो. तेव्हा कुठे होते तुमचे खडू?

महामार्गग्रस्त:
तेव्हा मी पुलाखालच्या चिखलात गाडी ढकलत होतो. ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्याचा अर्धवट उड्डाणपूल कोसळला तो आठवतोय ना, की तो पण जांभ्यामुळे?

सीए_कुडाळ:
विषय स्टोरेजचा होता. 🙏

महामार्गग्रस्त:
मॅडम विषय हायवेचाच आहे, बाकी सगळं त्याच्यावर चालतं. त्या चिपळूणच्या माणसाचा डेटा शेवटी कशावरून आला? एसटीवरून. एसटी कशावरून आली?

गुहागरकर_पुण्यात:
कोणी अजून वाचत असेल तर कामाचं बोलतो. वाशिष्ठीकाठच्यांचा सगळा सूर असा की क्लाउडवर भरवसा नको. उलटंही बघा ना. तुमच्या काजूवाल्याकडे महिना १३० रुपयांचे गूगलचे १०० जीबी असते तर त्याचं काहीच गेलं नसतं. दोन दिवस उशिरा मिळालं असतं, पण मिळालं असतं. उशिरा मिळणं आणि लगदा होणं एकच का?

वाशिष्ठीकाठचा:
क्लाउड नको असं मी कुठे म्हटलं? एकच क्लाउड आणि तो भाव बघून, हे नको. तुमच्या मोठ्या कंपन्यांचं पण सांगतो. मार्च २०२१ ला फ्रान्समधे ओव्हीएच कंपनीचं अख्खं डेटा सेंटर जळालं, ज्यांनी बॅकअप त्याच आवारात घेतलेला त्यांचं दोन्ही गेलं. म्हणजे काजूवाल्याचा खणच, फक्त फ्रेंच. मे २०२४ ला ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर पेन्शन फंडाचा गूगल क्लाउडवरचा मोठा पसारा एका सेटिंगच्या चुकीने पुसला गेला, दोन ठिकाणी कॉपी होती ती दोन्हीकडून गेली, लाखो खातेदार आठवडाभर ताटकळले. वाचले कशामुळे, तर वेगळे बॅकअप होते, त्यातला एक दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेला म्हणून. तो ठेवताना तिथे पण कोणीतरी तक्ता दाखवून म्हणालाच असेल, हा दुप्पट खर्च कशाला.

मी गिऱ्हाइकांना काय करून देतो ते ऐका, पटलं तर घ्या. चालू हिशेबाचा फोल्डर सिंकमधे कधीच ठेवायचा नाही, उघड्या फायली अर्धवट चढतात आणि मग दोन-दोन प्रती होऊन बसतात. रात्री सॉफ्टवेअर बंद करून त्याचा बॅकअप काढायचा, तारीख घातलेली एक झिप, ती क्लाउडवर, ती एवढीशी असते, तीन एमबीपीएसवर पण येते. फोटो-व्हिडिओ-डिझाइन वेगळीकडे, ते उशिरा आले तरी चालतात. एक डिस्क घाटावरच्या नातेवाइकाकडे, दर दिवाळीला अदलाबदल. ७० जीबीतलं त्या माणसाला दुसऱ्या दिवशी खरोखर काय हवं होतं माहितीये? उधारीची यादी. चाळीस एमबी.

गुहागरकर_पुण्यात:
हे आधी लिहिलं असतंत तर अर्धा वाद झालाच नसता. ठीक आहे. नवा तक्ता टाकतो, त्यात तीन रकाने वाढवतो, परत यायला लागणारे तास, कचरापेटीचे दिवस आणि एसटीचं तिकीट. खूश?

वाशिष्ठीकाठचा:
तिकीट चिपळूण-स्वारगेट धरा. अर्धं नको, पूर्ण.

मिरकरवाडा:
घाटावरच्या नातेवाइकाकडे डिस्क. हे मी पण हेच म्हणत होतो. क्लाउड नाही लागला.

मालवणी_होमस्टे:
मी आतापर्यंत गप वाचतंय. माका तुमचा टीबी-जीबी काय कळणा नाय, आमचा सगळा गूगलार असा, बुकिंगचा रजिस्टर, पावण्यांचे आधार, फोटो, दोन वर्सां झाली काय एक त्रास नाय. उगाच गजाली वाढवतास.

वाशिष्ठीकाठचा:
वहिनी, एक काम करा. आज रात्री दुसऱ्या कुठल्यातरी फोनवरून त्या खात्यात शिरून मागच्या मे महिन्यातलं एक बुकिंग उघडून दाखवा. उघडलं की मी सगळे शब्द मागे घेतो.

मालवणी_होमस्टे:
त्यात काय मोठा, करतंय.

मालवणी_होमस्टे:
(दुसऱ्या दिवशी) उघडला नाय. खातां आमच्या आधीच्या कामाच्या पोराने त्याच्याच नावान काढलेला, माझ्या फोनार ता आधीपासून चालू होता म्हणान कधी कळलाच नाय. दुसऱ्या फोनार ओटीपी मागता आणि तो जाता त्याच्या जुन्या नंबरार. पोरगो गेलो बोटीवर. त्याच्या आवशीक विचारलंय, ती म्हणता बोट आता खय असा ता तिका पण म्हायत नाय.