मदत हवी आहे : ईसीएचएसवर वजनाचं ऑपरेशन, सर्जन कसा निवडावा? (कुडाळ)

कुडाळवाली

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या.

मी कुडाळजवळच्या गावात राहते. वय ४६, उंची १५३ सेंमी, वजन ९८ किलो, म्हणजे बीएमआय ४१ च्या वर. मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे. डायबेटिस जुना, दोन गोळ्या चालू. जेवून आडवी झाले की आंबट घशाशी येतं. घोरणं एवढं की मिस्टर पडवीत जाऊन झोपतात. आणि गुडघे! खळ्यात बसून काही निवडायला घेतलं तर उठताना खांब धरावा लागतो. त्यासाठी दुखण्याची गोळी जवळजवळ रोजची झालीय.

डाएट, चालणं, गरम पाणी-लिंबू, सगळं करून झालंय. कृपया पुन्हा तेच सुचवू नका. पॉलिक्लिनिकमधल्या (ईसीएचएसचा दवाखाना) डॉक्टर मॅडमनीच बॅरिअॅट्रिक म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं आणि पॅनेलवरची, म्हणजे योजनेची मान्यता असलेली, हॉस्पिटलं बघून या म्हणाल्या.

आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो. गोव्यातले सर्जन आम्हाला जवळ, सकाळी निघून दुपारी घरी येता येतं. बोलायला गोड. रिपोर्ट चाळले आणि लगेच 'स्लीव्ह करून टाकू' म्हणाले, म्हणजे जठर कापून लहान करायचं. पुण्याचे सर्जन ही ऑपरेशनं भरपूर करतात म्हणे, पण त्यांनी काहीच ठरवलं नाही. आधी एंडोस्कोपी, आधी झोपेची तपासणी, मग बोलू. वर बायपासचाही (हृदयाचा नव्हे, जठर लहान करून आतड्याला जोडतात तो) विचार करावा लागेल म्हणाले. कोल्हापूरचं एक नाव आहे, पण पावसात करूळ घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही.

त्यातल्या एका हॉस्पिटलात काउंटरवर सांगितलं, की ऑपरेशन कॅशलेस, पण 'स्टेपलरचे (ऑपरेशनमध्ये जठर कापून शिवायचं यंत्र) पैसे वेगळे भरावे लागतील'. किती, ते लिहून द्यायला तयार नाहीत.

तर विचारायचं हे, की जवळचा सर्जन बघायचा की अनुभवी? आणि अनुभव आपल्यासारख्या माणसानं ओळखायचा कसा? भिंतीवर सर्टिफिकेटं तर दोन्हीकडे होती.

लष्करच्या_भाकऱ्या

वहिनी, मी पण पेन्शनर. वैद्यकीय भाग जाणकार सांगतील, मी कागदांचं सांगतो.

हॉस्पिटलची निवड तुमची. पॉलिक्लिनिकनं रेफरल द्यायचं, पॅनेलवरचं कुठलं ते तुम्ही सांगायचं. कार्ड देशभर चालतं, त्यामुळे गोवा की महाराष्ट्र हा प्रश्न नाही. पण नुसतं 'पॅनेलवर आहे' एवढ्यावर जाऊ नका. हॉस्पिटलला मान्यता ठरावीक विभागांपुरती असते. हृदयासाठी पॅनेलवर असलेलं हॉस्पिटल पोटाच्या ऑपरेशनला असेलच असं नाही. त्या यादीत तुमचं ऑपरेशन बसतं का, आणि आधी मंजुरी घ्यावी लागते का, हे ओआयसी साहेबांना (पॉलिक्लिनिकचे प्रमुख) विचारून कागदावर घ्या. हे ऑपरेशन आधी ठरवून होणारं आहे, त्यामुळे मंजुरीशिवाय दाखल होऊ नका. नंतर बिल मागत फिरण्यात अर्थ नाही.

स्टेपलरचं म्हणाल तर पैसे भरू नका आणि भांडूही नका. 'मला लेखी द्या' एवढंच म्हणा. बरेचदा तिथेच आवाज खाली येतो. नाही आला तर ओआयसी आणि ईसीएचएसच्या रिजनल सेंटरला अर्ज. हवालदारांना जनरल वॉर्डचा हक्क आहे. वरचा वॉर्ड घेतलात तर फरक मात्र खिशातून, ती तक्रार चालत नाही.

घरी आल्यावर रात्री-अपरात्री काही झालं आणि पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं, तर ४८ तासांत ईसीएचएसला कळवायचं. हे मुलांना सांगून ठेवा. त्या वेळी आपल्याला सुचत नाही.

शेवग्याची_शेंग

हल्ली वजन कमी करायचं मौंजारोचं इंजेक्शन मिळतं ना? कापाकापी कशाला?

कुडाळवाली

ते २०२५ पासून इथे मिळतंय, माहीत आहे. मॅडमशी बोलणं झालंय. हा धागा सर्जनपुरता ठेवूया, प्लीज.

गुहागरची_माय

गो बाय, माझा बायपास झालाय. ऑपरेशन मुंबईला, राहते गुहागरला, म्हणून लिहिते.

जवळ-लांब हे ऑपरेशनच्या दिवसापुरतं धरू नकोस. ते चार दिवस कसेही जातात. खरं काम नंतर सुरू होतं. सुरुवातीला नुसतं पातळ, तेही घोट घोट. मला वाटलं, आपली पेज आहेच की! आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, पेजेनं पोट भरेल, प्रोटीन मिळणार नाही. मग ताक, डाळीचं पाणी, प्रोटीन पावडर, पुढे कुळथाची पिठी गाळून. मऊ मासा सुरू झाला तेव्हा काटे काढून, चमच्याच्या टोकाएवढा घास, आणि तो चावत बसायचं. एकदा घाईत बांगडा गिळला तर छातीत दगड अडकल्यासारखं झालं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. घाबरले, फोन केला, त्याच बाईंनी उचलला आणि सगळं समजावलं. नंतर परत आले केस.

म्हणून सांगते, सर्जनच्या टीममध्ये फोन उचलणारं माणूस आहे का ते आधी बघ. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी हे कायम बघावं लागतं आणि गोळ्या जन्मभर. ज्यानं 'एकदा ऑपरेशन झालं की सुटलात' असं सांगितलं त्याच्याकडे जाऊ नकोस.

वैद्यबुवा_रत्नागिरी

मी सर्जन नाही, एमडी मेडिसिन आहे. असे पेशंट ऑपरेशननंतर माझ्याकडे तपासणीला येतात.

ताई, तुमच्या दोन तक्रारी दोन उलट दिशांना ओढतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, अरुंद नळी उरते. त्यानंतर ॲसिडिटी वाढू शकते, ज्यांना आधीपासून घशाशी येतं त्यांना जास्तच. त्या बाबतीत नेहमीचा बायपास बरा. पण बायपासनंतर डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या टाळाव्या लागतात, जोडाजवळ अल्सर होतो. तुमची गुडघ्याची गोळी रोजची आहे. म्हणजे एंडोस्कोपी केल्याशिवाय आणि गुडघ्यांचं काय करायचं हे ठरल्याशिवाय कुठलं ऑपरेशन हे कुणीच सांगू नये. पुण्याच्या सर्जननी वेळकाढूपणा नाही, काम केलं.

गोव्याच्या डॉक्टरांना लगेच बाद करू नका. त्यांना विचारा: 'मला घशाशी येतं, एंडोस्कोपी न करता स्लीव्ह का?' उत्तर समाधानकारक मिळालं तर ठीक. राग आला तर तेही उत्तरच. दोघांनाही विचारा, की वर्षाला अशी किती ऑपरेशनं स्वतः करता, स्लीव्ह आणि बायपास दोन्ही करता का, जठराच्या शिवणीतून गळती झाली तर पुन्हा ऑपरेशन कोण करणार आणि आयसीयू त्याच इमारतीत आहे का. एकच प्रकार येणारा सर्जन प्रत्येकाला तोच सुचवतो.

बीएमआयचं म्हणाल तर ४० च्या वर तुम्ही ऑपरेशनच्या जुन्या निकषातही बसता. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो ३५ वर आणला, आशियाई लोकांसाठी आणखी खाली. पण मंजुरी देणारे त्यांचे स्वतःचे नियम बघतात, त्यामुळे डायबेटिस आणि झोपेच्या तपासणीचे रिपोर्ट फाइलला जोडा. घोरण्याची तपासणी भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठीही लागते, टाळू नका.

तुमच्या दोन गोळ्यांपैकी एखादी 'ग्लिफ्लोझिन'ने संपणाऱ्या नावाची असेल तर ती ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवतात. स्वतःहून नाही, सर्जनला सांगून.

माझं मत विचाराल तर ऑपरेशन जिथे अनुभव आहे तिथे करा आणि नंतर आठ-दहा दिवस हॉस्पिटलच्या जवळ राहा. गळतीचा धोका सुरुवातीच्या दिवसांत जास्त असतो. नाडी १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, यातलं काही झालं तर हायवेवर असण्यापेक्षा जवळ असलेलं बरं. पुढच्या रक्ततपासण्या कुडाळला होतात. डिस्चार्ज कार्डावर कुठलं ऑपरेशन आणि कुठल्या गोळ्या चालणार नाहीत हे स्पष्ट लिहून घ्या. पुढे तुम्हाला तपासणाऱ्या इथल्या डॉक्टरांना ते लागतं.

कुडाळवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन्हीकडे फोन केले. गोव्याला रिसेप्शनिस्टनं 'सर ठरवतील ते बरोबरच असतं' एवढं सांगून ठेवून दिला. पुण्याला डॉक्टर स्वतः बोलले. आकडा सांगितला, दोन्ही प्रकार करतात, आणि गुडघ्यांसाठी आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून या म्हणाले. स्टेपलरचं विचारलं तर पॅकेजमध्येच धरतो, लेखी देतो म्हणाले.

मिस्टर सोमवारी रेफरलसाठी पॉलिक्लिनिकला जाणार आहेत. आता एकच राहिलं. पुण्यातल्या सैनिक विश्रामगृहात आठ-दहा दिवस खोली मिळते का, आणि तिथे ताक, डाळीचं पाणी करण्यापुरतं स्वयंपाकाचं काही चालतं का? कुणी राहून आलं असेल तर लिहा.